बायकोच्या धनुष्याला मी लावलेला भाता

माझं मध्य प्रदेशात सौंसरला हार्डवेअरचं दुकान आहे, आणि दुकानात जे जे आहे ते घरात कुठं ना कुठं बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या झोपाळ्याला ब्रेक आहे. देवघराला शटर आहे. बायकोनं आतापर्यंत हे सगळं सोसलं, कारण तिच्या धनुष्याला मी कधी हात लावला नव्हता.

बायको शाळेत शिक्षिका. चाळिशीनंतर तिनं बांबूचं धनुष्य हातात घेतलं आणि मग सोडलंच नाही. साधं धनुष्य, नेम धरायला काच नाही की तोल धरायला वजन नाही. एक बांबू, एक दोरी आणि ती. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तसा सरकारी कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा स्वतःचा संघही निघाला. त्यात चार बायकांच्या जागा होत्या, आणि तिला त्यातली एक हवी होती. नेमकी तेव्हाच ती शाळेच्या पायरीवरून पडली आणि उजवा खांदा धरून बसली. चार महिन्यांनी धनुष्य पुन्हा उचललं तेव्हा म्हणाली, "यंदा संघात नाही आली तं समजून घ्या, खांदा गेला. मग मी काही याच्या नादी लागत नाही."

तिचा बाणांचा भाता पाठीवर असे. प्रत्येक बाणाला हात मागे न्यायचा, खांदा कण्हायचा, आणि ती ओठ दाबायची. हे बघून माझ्यातला कारागीर जागा झाला. तिला भाता जमिनीवर ठेवता आला असता, पण मग माझं काम काय उरलं असतं?

मी पाइपाचा हातभर तुकडा घेतला, तळाशी रबर बसवलं आणि धनुष्याच्या मुठीवर उजव्या अंगाला क्लॅम्प घालून दोन नटबोल्टांनी आवळून टाकला. सहा बाण त्यात उभे, अगदी बोटांपाशी.

"अवो, धनुष्याले नळ बसवून दिला का तुम्ही? पाणी येईन का याच्यातून?"

"मारून तं पाह्य एकदा."

पहिले दोन दिवस तिनं मला नावं ठेवली. एका अंगाला वजन आलं की धनुष्य तिकडे झुकणारच. ते सरळ ठेवायला मनगटाला उलटा जोर द्यावा लागे. तिसऱ्या दिवशी मनगट शिकलं, आणि मग कमालच झाली. वजनामुळे धनुष्य हातात गप्प बसू लागलं. बाण सुटल्यावर कोपरापर्यंत जाणारा झटका नाहीसा झाला. घरामागे संत्र्याच्या दोन ओळींच्या टोकाला चिंध्या ठासलेलं पोतं बांधलं होतं. त्यावरच्या पिवळ्या गोलात बाणांची गर्दी व्हायला लागली.

"लय चांगलं सुटून राहिलं वो," ती म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या कारागिरीला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

मी तर फुलूनच गेलो. रोज सकाळी बाणांची अख्खी जुडी काखेत घेऊन मी तिच्या बाजूला उभा. तिनं एक बाण काढला की मी लगेच भात्यात दुसरा टाकायचो. आमच्याकडे पंगतीत कुणाचं ताट रिकामं दिसलं तर वाढणाऱ्याची इज्जत जाते, आणि मी तर पंगतीत वाढणारा नावाजलेला माणूस. जेवणारा नको नको म्हणतो तेव्हा माझ्या अंगात येतं. भात्यात पाच बाण दिसले की माझ्या हाताला राहवायचंच नाही.

निवड पांढुर्ण्याच्या मैदानावर होती. नेमबाजांची रेघ पुढे, घरच्यांसाठी दोरी मागे. मी दोरीला चिकटून उभा राहिलो आणि शेजारच्या दोघांना भात्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं नव्हतं.

पहिला बाण पिवळ्यात. मी बाजूच्याला कोपर मारलं. दुसरा पिवळ्याच्या कडेला. तिसरा लाल, डावीकडे. चौथा आणखी डावीकडे. सहावा कागदाच्या काठावर कसाबसा टेकला.

दुसऱ्या फेरीला तिनं भाता भरला आणि तोच खेळ पुन्हा सुरू झाला. पहिला सोन्यासारखा, मग एकेक बाण डावीकडे सरकत जाणारा. तिनं खांद्याला हात लावून पाहिला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

घरी भाता कधी रिकामा झालाच नव्हता. मी होऊच दिला नव्हता. तिचं मनगट भरलेल्या भात्याचं वजन पेलायला शिकलं होतं. इथे प्रत्येक बाणागणिक वजन घटत होतं आणि मनगट मात्र तेवढाच उलटा जोर देत होतं. खांद्याचा काही दोष नव्हता. भाता काढून टाकायला हवा होता. नटबोल्ट मी असे आवळले होते की बोटांनी सुटणं शक्य नव्हतं, आणि पाना माझ्या खिशात होता.

मी दोरीखालून वाकलो.

"काकाजी, लाइन के पीछे," पंच म्हणाले.

"साहेब, दोन मिनिटं. फक्त पाना देतो."

"बाहर का आदमी कुछ नहीं दे सकता."

"मी बाहेरचा नाही, नवरा आहे तिचा!"

"वही तो," पंच म्हणाले, आणि मागचे लोक खो खो हसले. एरवी त्या हशाला मी मुजरा केला असता.

तेवढ्यात तिनं वळून पाहिलं. ओरडायला बंदी, म्हणून मी हवेत पाना फिरवल्यासारखा हात जोरजोरात फिरवला. तिनं क्षणभर विचार केला, मान डोलावली, आणि पुढच्या बाणाला मनगट चांगलं पिळलं. बाण शेजारणीच्या कागदावर गेला. मग मी दोन्ही हात खिशात घातले आणि शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.

चार नावं वाचली गेली. तिचं नव्हतं. तिनं चौघींच्या पाठीवर थाप मारली, धनुष्य पिशवीत घातलं आणि बसमध्ये खिडकीशी बसली.

"खांदा गेला," ती म्हणाली. "पहिला बाण पेलते, मग थकून जाते. बस झालं आता."

गप्प बसलो असतो तर माझा भाता बिनदोष राहिला असता. कंडक्टर तिकिटं फाडत पुढे गेला आणि मी सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी मीठमसाला न लावता सांगितली, म्हणून ती फार लवकर संपली.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. "म्हणजे खांदा चांगला आहे?"

"पहिले बाण कोणी मारले मग?"

"आणि हे तुम्ही आता सांगून राहिले?"

मी पंचांचं सांगायला गेलो. तिनं हात वर केला आणि मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नटबोल्ट ओट्यावर पडले होते, बाजूला पाइप. मागच्या दारापाशी गेलो तर तिनं नुसतं बोट दाखवलं : तिथंच. मी उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. तिथून ती दिसते, पोतं झाडांमागे जातं. बाण सुटल्याचे सहा आवाज ऐकले. कुठं लागले ते कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायची छाती नव्हती. ती चालत गेली, बाण उपटून आणले, माझ्याकडे न पाहता पुन्हा रेघेवर उभी राहिली आणि सातवा ओढला.