जुन्या कॉम्प्युटरवर आपाचे हात

ये गं पोरी, अशी जवळ सरक. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, वाचता वाचता सरकता येतं. आधी मला तुझा कान धरायचाय. फोनवर काय म्हणालीस तू? "आजी, ते धूड भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो." तुझ्या धाकट्या काकाच्या कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर तो, त्याला धूड म्हणतेस? नात आहेस म्हणून सोडून दिलं. आता त्या धुडानं मागच्या आठवड्यात काय करून दाखवलं ते ऐक, आणि मग तोंड उघड.

तुला नांदेडची आपा माहीत आहे. माझ्या माहेरच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. शिलाईकाम करणारी माणसं. आपा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, सुई धरायला तिनंच शिकवलं मला. मी लग्न होऊन अहमदपूरला आले, ती नांदेडातच राहिली, पण आमचं एक ठरलं होतं. दोघींपैकी कुणाच्याही घरी लेकरू जन्मलं की त्याचं दुपटं दोघींनी मिळून करायचं. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा मी घालायचा, आणि चार कोपऱ्यांवर कापडाच्या तिकोनी घड्यांचं फूल बसवायचं ते आपानं. ते फूल तिच्या अम्मीचं. एका घडीत दुसरी घडी अशी अडकवायची की लेकरानं कितीही ओढलं, चोखलं, तरी सुटत नाही. तू त्याच दुपट्यात वाढलीस, एक कोपरा तर दात येताना चावून चावून पांढरा केला होतास.

तर आपाच्या नातीला मुलगी झाली. छिल्ला शुक्रवारी. म्हणजे आपल्याकडं सव्वा महिन्याचं न्हाण असतं तसं, चाळीस दिवस झाले की बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात, नवी कापडं नेसवतात. त्या दिवशी बाळ दुपट्यावर निजवायचं, हा आमचा शिरस्ता. माझा धावदोरा केव्हाच झाला होता. पण आपाचे हात आता थरथरतात गं. चहाची कपबशी वाजते. सोमवारी सकाळी फोन आला, म्हणाली, "इस बार कोने भी तूच कर. मेरे हात अब सुई नै सुनते."

मी म्हटलं, "मला येत न्हाई गं ते. पन्नास वर्षं नुसतं बघितलंय."

"बघितलंय ना? फिर?" आणि हसली.

पण बघणं वेगळं आणि हात चालणं वेगळं. मग तिच्या सुनेनं युक्ती काढली. आपाला खिडकीत बसवलं, पुढ्यात मोठाल्या रुमालाचे तुकडे ठेवले, आणि घडी कशी घालायची, टाका कुठून काढायचा, ते सगळं नव्या मोबाइलवर शूट केलं. मला मोबाइलवर पाठवलं. मी बघते तर काय, एवढ्याशा काचेवर आपाचे हात म्हणजे दोन गव्हाचे दाणे. माझा डावा डोळा मोतीबिंदूवाला, उजवा त्याच्या वाटेवर. तिची सूनबाई मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. ती म्हणाली, "खाला, मोठ्या पडद्यावर बघा, ओरिजनल देते." आणि मंगळवारी अहमदपूरच्या बाजाराला येणाऱ्या तिच्या भावाच्या हाती पेन ड्राइव्ह धाडला.

मी लगेच कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. हिरव्या टेकडीचं ते जुनं चित्र आलं, त्याचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं, मला तर लग्नघरात आल्यासारखं वाटलं. ह्याच्यावरच मी एक एक बोट करत टायपिंग शिकले. ह्याच्यावरच तुझ्या आत्याच्या लग्नाची सीडी आपण सगळे दिवाळीत बघतो. म्हटलं, लग्न दिसतं तर आपा का नाही दिसणार? पेन ड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा टिचकी मारली. तो नारिंगी शंकूवाला प्लेअर आहे ना, तो उघडला.

पडदा काळा. मिट्ट काळा. आणि त्या काळ्यातून आपाचा आवाज! "हौ, चालू हुआ क्या? बघ बाई, पैले कपडा उलटा धर…" स्पष्ट, खणखणीत. हात मात्र नाहीत. "ऐसा," म्हणतेय, "और ऐसा," म्हणतेय, "अब यहाँ से काढ," म्हणतेय, आणि इथं कुठून गं? मी पडद्याला नाक लावून बसलेली. आंधळी कोशिंबीरच.

आता माझी चूक सांगते, हसू नको. मी बघितलं की लग्नाच्या फाइलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, वेगळं आहे आणि आपाच्या फाइलीचं वेगळं. माझ्या डोक्यात आलं, हाच घोटाळा. ही पोर नव्या घरी आलीय आणि नाव माहेरचंच घेऊन आलीय. आपल्यात काय करतात? नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून ती त्या घरची. म्हटलं, हिचंही नाव बदलावं, मग हे घर तिला घेईल. फाइलीचं शेपूट पुसलं आणि लग्नाच्या फाइलीचं शेपूट लावलं. कॉम्प्युटरनं विचारलं, असं केलं तर फाइल चालणार नाही कदाचित, नक्की करू? मी म्हटलं, तू कोण विचारणारा, माझ्या वेळी कुणी विचारलं होतं? दाबलं 'होय'.

पुन्हा उघडलं. काळा पडदा, आणि आतून आपा, "हौ, चालू हुआ क्या?"

मला एकदम हसू फुटलं. एकटीच हसत बसले. कारण आपाच एक माणूस आहे, जी मला अजून माझ्या माहेरच्या नावानं हाक मारते. तांदळात माझं नाव बदललं त्याला इतकी वर्षं झाली, तिनं ते कधी मानलंच नाही. आतली मी तीच राहिले हे मला माहीत असताना, मी फाइलीशी तसलाच खेळ केला की! वरचं नाव बदललं, आतला ऐवज जसाच्या तसा.

मग तुला फोन केला, आणि तू भंगारवाल्याचं नाव काढलंस. लई राग आला तुझा. रागाच्या भरात टायपिंग क्लासवाल्या सरांना लावला. ते लातूरला, मेहुण्याच्या घरी, रविवारपर्यंत येणार नव्हते. पण माणूस चांगला, जेवणावरून उठून बोलले.

"काकू, आवाज येतोय आणि चित्र न्हाई ना? मग फाइल चांगली हाय. नव्या मोबाइलनं चित्राची घडी लई घट्ट घातलीय. तुमच्या जुन्या प्लेअरला ती घडी उलगडता येईना."

बघ, घडी म्हणाले! मला तिथंच सगळं उमजलं. "मग उलगडायची कशी?"

"तुमच्या जुन्या सिस्टीमवर चालणारा त्या प्लेअरचा शेवटचा अवतार माझ्या क्लासात हाय. बायको पेन ड्राइव्हवर टाकून देईल. तिला फक्त कॉपी करता येतं, जास्त विचारू नका."

"आणि त्यानं चालंल?"

"दिसंल. चालंल की न्हाई, सांगत न्हाई. तुमची मशीन म्हातारी हाय, काकू."

"म्हातारी तर मीबी हाय," मी म्हटलं. "चालून राहिले ना?"

बुधवारी सकाळी सरांच्या बायकोकडून तो नवा अवतार आणून टाकला. टिचकी मारली आणि… दिसली गं! आपा दिसली! खिडकीतलं ऊन, तिच्या हिरव्या बांगड्या, अंगठ्यावरचा तो कात्रीचा जुना वण. मी मोठ्यानं ओरडले, शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "काय झालं हो, पडलात का?"

पण पुढं काय? आपाचा हात वर गेला आणि तिथंच गोठला. आवाज पुढं पळाला, "अब तीसरी घडी अंदर ले," आणि हात मागंच, हवेत. मग एकदम झटका, चार टाके पुढं. मधलं सगळं गडप. नेमकं जे बघायचं तेच गडप! बिचारी मशीन धापा टाकत होती, आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

पुन्हा सर. म्हणाले, "आता एकच. बघत बघत उलगडायला तिला वेळ पुरंना. आधी सावकाश सगळं उलगडू द्या, आणि तुमच्या लग्नाच्या सीडीसारख्या ढिल्या घडीत परत घालून ठेवा. चित्राचा आकार निम्मा करा. प्लेअरातच सोय हाय." आणि एकेक बटण सांगितलं, मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. "वेळ लई लागंल. मधी लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून."

लाइट! आमच्याकडची लाइट तुला ठाऊक आहे. बुधवारी दुपारी लावलं, पाऊण तास झाला, गेली. तासाभरानं आली, पुन्हा लावलं, पुन्हा गेली. माझा जीव नुसता टांगणीला. शुक्रवारी छिल्ला, आणि चारही कोपरे उघडे. गुरुवारी सकाळी लाइट आली तसं देवाला दिवा लावायच्या आधी तिसऱ्यांदा लावलं. बारा मिनिटांची फाइल, आणि काम किती झालं ते दाखवणारी ती पट्टी अशी सरकत होती की मुंगीनं लाज काढावी. मी भाजी निवडली, तिच्याकडं बघत. भाकरी थापल्या, स्वयंपाकघरातून मान लांब करून बघत. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, शेजारणीला सांगून आले, "आज मिक्सर नका लावू, तारेवर ताण नको." ती म्हणाली, "तुमच्याकडं बाळंतपण चालू हाय का काय?" मी म्हटलं, "हाव, तसंच समजा."

पट्टी टोकाला पोहोचली तेव्हा साडेबारा झाले होते. नवी फाइल. मी काय केलं सांगू? आधी हात धुतले. मग उघडली.

चालली! अगं, लोण्यासारखी चालली! चित्र थोडं भरड होतं, जुन्या सीडीसारखं, पण आपाचे हात माझ्या हातांएवढे झाले होते पडद्यावर. थरथरत होते, तरी घडी बरोबर बसत होती. मी खाली चटईवर दुपटं घेऊन बसले, कीबोर्ड पायाशी ठेवला आणि अंगठ्यानं, पायाच्या गं, ते लांब बटण दाबायला लागले. दाबलं की आपा थांबते. टाका घातला, दाबलं की आपा पुढं जाते. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या सांगण्यावर थांबत होती!

पहिलं फूल दोनदा उसवलं. आणि तेवढ्यात पडद्यावरची आपा काय म्हणते? मला माहेरच्या नावानं हाक मारून म्हणते, "तूने तीसरी घडी उलटी डाली होगी. डाली ना? उसव." मी हातातलं बघितलं. उलटीच! वीस कोसांवरून, तीन दिवस आधी तिनं ओळखलं होतं. मी पडद्याला हात जोडले आणि उसवलं.

तीन कोपरे झाले. चौथ्याला सुई लावणार, तर आपा डोळे वर करून सरळ माझ्याकडं बघत म्हणाली, "चौथा मत कर. फक्त घडी घाल, टाचणी लाव, और यहाँ ले के आ. एक टाका मेरा होना."

तोवर हे बोलणं मी ऐकलंच नव्हतं, एकदाही शेवटापर्यंत पोहोचलेच नव्हते ना. विचार कर, कॉम्प्युटर भंगारात गेला असता तर काय झालं असतं.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. बाळ न्हाऊन आलं होतं, धुरीचा वास येत होता. आपानं दुपटं मांडीवर घेतलं, तिन्ही फुलं ओढून बघितली, जोरात, नखानं. एकही सुटलं नाही. नुसती "हं" म्हणाली. तिच्या तोंडून "हं" म्हणजे मोठी गोष्ट. मग मी सुई ओवून दिली आणि मनगट धरलं तिचं. तिनं चौथ्या कोपऱ्याला टाका घातला. वाकडा पडला. एवढा लांब, वाकडा, हिरव्या दोऱ्याचा. सूनबाई म्हणाली, "अम्मी, उसवून देऊ?" आम्ही दोघी एकदम ओरडलो, "नक्को!"

त्याच वाकड्या टाक्याशेजारी बाळाचं डोकं ठेवलं. ते निवांत झोपलं.

आपाची ती फाइल मी कॉम्प्युटरवर दोन ठिकाणी ठेवली आहे आणि एक सीडीही केली आहे. आता ते फूल मला येतं, पण माझेही डोळे आणि हात किती दिवस ऐकतील ते ऐकतील. हे तुझ्या बोटांत उतरायला पाहिजे. तेव्हा पोरी, ह्या सुट्टीत ये. पुण्याहून सकाळी निघालीस तर संध्याकाळपर्यंत पोहोचशील, दशम्या करून ठेवते. तुझ्या मोबाइलातली चित्रंही आण, घडी कितीही घट्ट असू दे, उलगडून दाखवते तुला. आणि पायाचा अंगठा मोकळा ठेव. लवकर ये गं.