पडद्यावरची शीर

केमोच्या वेळी हिची शीर शोधण्यातच निम्मी सकाळ जायची आणि हात काळानिळा व्हायचा. मागच्या वेळी घरी येताना ही शांतपणे म्हणाली, "पुन्हा एवढी टोचाटोची झाली, तर मी केमो घेणार नाही." आज केमोसाठी तिच्या दंडाच्या शिरेत नळी घालायची होती, आणि मी त्याच भीतीने तिच्या उशाशी बसलो होतो. घाबरलो की मी बडबडतो.

सिस्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र तिच्या दंडावर टेकवलं. मी विचारलं, "डॉक्टर कधी येणार?"

"ही नळी मीच घालते, काका. त्याचं वेगळं शिक्षण घेतलंय. एकदा बसली की पुढच्या सगळ्या केमो हिच्यातूनच. आता जरा गप्प बसता का?"

"लग्नापासून हेच सांगतेय," ही म्हणाली.

पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक काळा ठिपका दिसला. सिस्टरांनी यंत्र हलकेच दाबलं, तो मिटला. सोडलं, तसा पुन्हा उघडला. तीच शीर. मी खुर्चीतून अर्धा उठलोच. हिच्या मनातलं मला न सांगता कळतं, असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगत आलो. खरं तर आयुष्यभर अंदाजानेच टोचत आलो. आपण सगळे आपल्या माणसांशी असेच वागत असू. आधी थांबून बघावं, मग हात लावावा, हे इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं.

सुई एकदाच गेली. हिने दंडाकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

"पुढची केमो शुक्रवारी नको हं. भाचीचं डोहाळजेवण आहे. शनिवारी घेते मी."