आईच्या पायाखालचा 'आपण'

तिला सगळे वायरबाई म्हणत. चित्रं, आवाज, पडदे आणि स्वतःचा अभिनय एकत्र मांडून ती परमुलखातून आलेल्यांच्या गोष्टी सांगे. शेजाऱ्यांना मात्र जिन्यातली वायरींची भेंडोळीच तेवढी दिसत. बोबडं बोलत असताना ती आईबरोबर या देशात आली. मराठी शाबूत राहिलं, फक्त 'आपण' हा शब्द वाटेत सांडला.

"आई, आम्ही जेवूया का?"

"जेवा की. मी बघत बसते."

इथल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना एकच शब्द. इथल्या लोकांच्या पँटी आखूड करता करता आईने टोमणे मात्र लांबवत नेले. शेवटी लेकीने त्या टोमण्यांचाच प्रयोग बसवला. गोष्ट इथल्या भाषेत, दोन शब्द मराठी. 'आम्ही' म्हटलं की फक्त रंगमंच उजळायचा. 'आपण' एकदाच, शेवटच्या वाक्यात: "आपण इथे राहतो." तेव्हा आईने दिव्यांना जोडलेलं शिलाई मशीनचं पेडल दाबायचं, की अख्खं सभागृह उजळणार.

तालमीत त्या वाक्यालाही सभागृहात अंधारच राहिला.

"आई, पाय!"

"पाय जागेवर आहे. खालच्या मजल्यावरच्या ठोकेकाकांना आपल्यात धरू? मशीन सुरू केलं की झाडूच्या दांड्याने छत बडवतात मेले."

"अगं, नाटक आहे!"

"म्हणून खोटं बोलू?"

प्रयोगाला सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत ठोकेकाका हाताची घडी घालून बसलेले, बहुधा नव्या तक्रारीच्या शोधात. वायरबाईने आधी शब्द समजावले: तुम्हाला वगळून ते 'आम्ही', तुम्हाला धरून ते 'आपण'. गोष्ट रंगली, आणि ऐन रंगात पडदा विझला. वायरबाईची वायरच निसटली होती. चुळबुळ झाली. काही जण उठले.

ठोकेकाकांनी सवयीने ठोकलं, या वेळी पायाने, जमिनीवर. "बसा! थांबू या," ते इथल्या भाषेत गरजले, आणि नुकताच शिकलेला शब्द त्यांनी मागून चिकटवला: "आप्पन!"

"ह्यांना कळलं बघा," आई अंधारात पुटपुटली.

लोक बसले, वायर जोडली गेली. शेवटचं वाक्य वायरबाईने आईकडे न बघता उच्चारलं.

लख्ख! सगळे एकमेकांना दिसले, डोळे चोळत उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. ठोकेकाका खुर्ची बडवत होते. तक्रार कोणाचीच नव्हती.

वायरबाई धावत आली. "आई, आम्ही जिंकलो!"

"आपण, गं बाई, आपण," आई म्हणाली. तिचा पाय अजून पेडलवरच होता.