रस्त्यावरचा नारळ

युसूफचाचा गेले.

आज दुपारी माती झाली. परत येताना विहारापाशी गाडी थांबवली आणि नुसता वर स्लॅबकडे बघत बसलो.

अंबडजवळच्या आमच्या कॉलनीतला हा बुद्धविहार चाचांमुळे उभा आहे. ते मूळचे मालेगावचे. सिमेंट कालवायचं मिक्सर मशीन चालवायचे.

स्लॅबच्या दिवशी सगळी कॉलनी हजर होती. बायकांनी मोठ्ठं पातेलं भरून पोहे केले होते. वंदना झाली.

आणि पेठहून आलेल्या मजुरांनी मिक्सरपुढे नारळ ठेवला.

झालं! पप्पा विहाराचे अध्यक्ष. स्वभाव म्हणजे सळई, वाकायचं नाव नाही.

"इथे नारळ फुटणार नाही. बावीस प्रतिज्ञा म्हणजे बावीस. एकवीस नाही."

मुकादम जानूभाऊ तरी कुठे कमी!

"नारळाबिगर आमी मशीनला हात नाय लावायचो, साहेब. कोनाचा हात सापडला मंग?"

दोघंही आपापल्या जागी खरे होते, हीच तर पंचाईत.

मजूर दुसऱ्या दिवशी भातशेतीसाठी गावी निघणार होते. परत यायचे ते थेट दिवाळीनंतर. म्हणजे सगळा पावसाळा विहार उघडा, सळया गंजणार. इकडे पत्र्याच्या शेडमध्ये वंदना करत कॉलनीतली एक पिढी म्हातारी झाली होती.

फुल टेन्शन.

चाचांनी शांतपणे चहा संपवला.

"साळवेसाहेब, जमीन आपकी. मशीन मेरी. जानू, मशीन ढकल रस्त्यावर."

मिक्सर ढकलत गेटबाहेर नेला. तिथे जानूभाऊंनी नारळ फोडला. मिक्सर पुन्हा आत. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून मशीन सुरू केलं आणि दिवस मावळायच्या आत स्लॅब भरून झाला.

खोबरं सगळ्यांनी खाल्लं. पप्पांनी नाही.

त्यावरून चाचा कायम छेडायचे, "साहेब, आपका खोबरा अभी बाकी है!"

पप्पा नुसते हसायचे. पण चाचा दोन दिवस दिसले नाहीत की फोन लावायचे तेच.

आज कब्रस्तानच्या गेटवर जानूभाऊ दिसले. बातमी कळल्याबरोबर मिळेल ती एसटी पकडून आलेले. पिशवीत नारळ.

चाचांचा मुलगा अवघडला. "काका, आमच्यात नारळ..."

जानूभाऊ नारळ छातीशी धरून तसेच उभे.

पप्पा पुढे झाले. त्यांचा हात धरला.

"जानू, रस्त्यावर चल."

रस्त्याच्या कडेला नारळ फुटला. या वेळी पप्पांनी स्वतःहून हात पुढे केला. खोबरं तोंडात टाकलं आणि माझे पप्पा भर रस्त्यात, सगळ्यांदेखत रडले.

चाचा, तुमचे उपकार फिटणारे नाहीत, फेडायचेही नाहीत.

स्लॅब अजून एक थेंब गळत नाही.

आणि साहेबांचं खोबरं आता बाकी नाही.

सगळ्या कॉलनीचा तुम्हाला जय भीम आणि शेवटचा सलाम.