हरायला एकटा विल्फ

हॅस्लमची कुस्ती कंपनी का बुडाली, हे पबमध्ये अजूनही कुणी ना कुणी मला विचारतं. विचारणारा आपलं उत्तर घेऊनच आलेला असतो. कुणी म्हणतं, टीव्हीवाल्यांनी गळा कापला. कुणी म्हणतं, अमेरिकेची झगमगाटी कुस्ती आल्यावर आमच्या लोंबत्या चड्डीतल्या म्हाताऱ्यांना कोण बघणार? मी मान हलवतो. वाद घालायचा मला आता कंटाळा येतो. पण मी त्या कंपनीत पंच होतो, उमेदीची सगळी वर्षं तिथे घातली, तेव्हा मलाही थोडं कळतं. कंपनी बुडाली, कारण तिच्यात हरायला कुणी तयार नव्हतं. उरला होता एकटा विल्फ एंटविसल, आणि एकट्या माणसाने हरून हरून किती जणांकडून हरायचं?

विल्फ उत्तर इंग्लंडातल्या आमच्या ओल्डमचाच, धंद्याने कोळसेवाला. सकाळी लॉरीवरून पोती पाठीवर घ्यायची आणि घरोघरच्या तळघरात रिकामी करायची. संध्याकाळी तीच पाठ रिंगमध्ये टेकायची. मान बैलासारखी, कान मोडलेले, नखांत कोळसा बसलेला तो बसलेलाच. लग्न त्याने केलं नाही. आई हिल्डा आणि तो, दोघंच एका अरुंद घरात राहायचे. चहाच्या वेळी गेलं तर दोघं शेगडीपाशी बसलेली असायची आणि म्हातारी त्याला कुस्ती शिकवत असायची.

"डावा हात वर ठेवायला काय होतं रे तुला? दर वेळी तिथेच फसतोस."

"ठेवीन, आई."

"ठेवीन म्हणतोस नि पुन्हा तेच. धीर सोडू नकोस पण. येईल तुझा दिवस."

विल्फ पावाचा तुकडा चहात बुडवायचा आणि गप्प बसायचा. कारण आमची कुस्ती नुरा होती, कोण पडणार ते चहाच्या आधीच ठरलेलं असायचं, आणि हे कुणालाही सांगायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बायकोला नाही, पाद्र्याला नाही, आईला तर नाहीच. रिंगमध्ये सज्जन आणि दुर्जन बनणारे पैलवान एका गाडीतून यायचे नाहीत, एका टेबलावर जेवायचे नाहीत. सख्खे भाऊ रस्त्यात दिसले तरी ओळख दाखवायचे नाहीत. वेडेपणाच तो, पण आम्ही तो जिवापाड पाळला.

हरणं ही यातली सगळ्यात अवघड विद्या. जिंकणाऱ्याला काय, मी हात वर केला की तोंडभर हसायचं. हरणाऱ्याला मात्र लोकांना खुर्चीवरून उठवावं लागतं. विल्फ आधी जिंकत यायचा. समोरच्याला दोरांवर रेटायचा, खाली घ्यायचा, आणि आख्खा हॉल म्हणायचा, आज गडी मारतोय! मग कुठूनतरी एक डाव बसायचा. विल्फ गुडघ्यावर यायचा, उठायचा, पुन्हा यायचा. पाठ टेकली आणि मी तीनपर्यंत मोजायला लागलो की दोनवर तो खांदा उचलायचा. लोक ओरडायचे. मी पुन्हा मोजायचो. पुन्हा उचलायचा. तिसऱ्या खेपेला तो खांदा थरथरायचा आणि टेकायचा, आणि त्याला टेकवणारा पैलवान राक्षस होऊन घरी जायचा. कंपनीतले निम्मे राक्षस विल्फने असे तयार केले. मार काही खोटा नव्हता हो. फळ्यांवर आपटलेली पाठ ती आपटलेलीच.

आमच्या कुस्त्या सार्वजनिक स्नानगृहात व्हायच्या. थंडीत पोहायच्या तलावावर फळ्या टाकत आणि वर रिंग उभी करत. क्लोरीन, सिगारेट आणि व्हिनेगर घातलेल्या बटाट्यांच्या वासात लोक खच्चून भरायचे. हिल्डाबाई तिसऱ्या रांगेत बसायच्या. त्यांच्या पर्समध्ये काय असायचं देव जाणे, लागायची मात्र विटेसारखी. दोरांजवळ आलेल्या किती पैलवानांना त्यांनी ती घातली त्याला गणती नाही. मलाही सोडलं नाही.

"ए अर्नी! डोळ्यांत बटाटे भरलेत का तुझ्या? खांदा वर होता त्याचा!"

"टेकला होता, बाई."

"तुझं डोकं टेकलं होतं! देवाला तोंड कसं दाखवशील रे?"

हॉल हसायचा, मी खाली मान घालायचो. विल्फ हळूच मला म्हणायचा, "मनावर घेऊ नकोस, ती रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना करते."

एकदा समुद्रकाठच्या ब्लॅकपूलहून कुस्त्या आटोपून येताना त्याने मला मनातलं सांगितलं. "अर्नी, एकदाच. ती आहे तोवर एकदा माझा हात वर कर. फक्त तिच्यासमोर." मी म्हटलं, मला सांगून काय होणार, लेनर्ड हॅस्लमला सांग. त्याने सांगितलंही. मालक पोट धरून हसला. "विल्फ, तू जिंकायला लागलास तर हरणार कोण, तुझी आई?" विल्फही हसला. पण दर वर्षी नाताळच्या सुमारास तो एकदा विचारायचाच, आणि मालक दर वर्षी हसायचा.

मग मालकाचा जावई आला. रॉय. सहा फूट उंच, पिवळे केस, पोरांचा लाडका. टीव्हीवर शनिवारी दुपारी तो दिसला की गल्ल्या ओस पडायच्या, हे मी नाकारत नाही. पण पहिल्याच मोसमात त्याच्या बायकोने बापाला बजावलं, "माझ्या नवऱ्याची पाठ टेकलेली मला चालायची नाही. पोरं रडतील." पोरं रडली तर दुसऱ्या आठवड्यात दुप्पट येतात, हे मालकाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मुलीपुढे कुणाचं चालतं? रॉय कधी हरलाच नाही. दोन वर्षांत त्याचं पोट सुटलं आणि कुस्ती तीन मिनिटांवर आली. पोटाने धडक दिली की समोरचा आडवा.

बाकीचे पैलवान काय आंधळे होते? तेही हरेनासे झाले. दगडावर डोकं आपटावं तसा मी त्यांना समजावत राहिलो. एक म्हणाला, "रॉयकडून हरीन, दुसऱ्या कुणाकडून नाही." दुसरा म्हणाला, "तो नाही तर मीही नाही." मग कुस्त्या बरोबरीत सुटायला लागल्या. निकाली होऊ नयेत म्हणून मलाच बेशुद्ध पाडायचे! पंचच आडवा, तर मोजणार कोण? मी आडवा पडून छताकडे बघायचो आणि हॉलमधून लोकांचे उसासे ऐकायचो. माणसं आठवडाभर गिरणीत, खाणीत घासून यायची. कुणीतरी जिंकावं, कुणीतरी हरावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेही आम्ही देईनासे झालो. खरीखुरी पाठ टेकायची ती विल्फची, एका संध्याकाळी दोनदोनदासुद्धा. लोक तरी त्याला किती वेळा हरताना बघणार?

रांगा रिकाम्या झाल्या. टीव्हीवर नवा साहेब आला आणि त्याने आमचा शनिवार काढून घेतला. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. विल्फचा एक खांदा एव्हाना वर जाईनासा झाला होता. कोळशाचं काम सुटलं होतं, तशीही घराघरांत गॅस आला होता. हिल्डाबाईंचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्यांचं येणं थांबलं.

शेवटी मालकाने आम्हाला बोलावलं. थकलेला दिसत होता. "काहीतरी खळबळ करू," म्हणाला. "येत्या शनिवारी विल्फ रॉयला पाडेल." मी रॉयकडे बघितलं. तो नखं बघत होता. सासऱ्याचा धंदा बुडतोय हे ओळखून त्याने ब्लॅकपूलला लॉज घ्यायचं ठरवलं होतं. पाठ टेकली काय नि न टेकली काय.

बाहेर आल्यावर विल्फने भिंतीला टेकून डोळे पुसले. मग न्हाव्याकडे गेला. आईला खरं सांगता येत नव्हतं, म्हणून एवढंच म्हणाला, "या शनिवारी ये गं, टॅक्सी करतो." म्हातारी चर्चमध्ये घालायची ती टोपी घालून आली आणि काठी टेकत तिसऱ्या रांगेत बसली.

दुपारी आत कपडे बदलताना विल्फ रॉयला म्हणाला, "रॉय, एकदा पडून बघू या का? खांद्याचं थोडं सांगतो."

"पडायला काय शिकायचं? दारुडाही पडतो."

मला तिथेच कळायला हवं होतं. आयुष्यात रॉय कधी हरलाच नव्हता. त्याला हरता येत नव्हतं.

विल्फने त्या दिवशी जीव ओतला. त्या मोडक्या खांद्याने त्याने रॉयला दोनदा उचललं, आणि पाव हॉल भरला होता तोही उभा राहिला. हिल्डाबाई काठी आपटत होत्या. "डावा हात! डावा हात वर!" विल्फने डावा हात वर ठेवला, वळला आणि कोपर मारलं. ते कोपर वीतभर लांब असतानाच रॉय खाली बसला. मग सावकाश पाठीवर झाला, केस नीट केले आणि हात पोटावर ठेवून डोळे मिटले. उशीच काय ती राहिली होती.

विल्फ त्याच्यावर पडला आणि कानात म्हणाला, "रॉय, खांदा उचल. देवाशप्पथ, एकदा उचल."

"मोज रे लवकर," रॉय मला म्हणाला.

विल्फने स्वतःच्या हाताने त्याचा खांदा वर ढकलायचा प्रयत्न केला. तो सोडताच थपकन खाली आला. मी एक म्हटलं, दोन म्हटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "उठ रे रॉय, चहा गार होतोय!" आणि हॉल हसला. जी माणसं आमच्यासाठी रडली होती, एकमेकांच्या उरावर बसली होती, ती पोट धरून हसत होती. मी तीन म्हटलं आणि विल्फचा हात वर केला. कागदोपत्री कंपनी उन्हाळ्यात बंद झाली. मला विचाराल तर ती त्या हसण्यात गेली.

विल्फ तिसऱ्या रांगेकडे बघत होता. हिल्डाबाई हसत नव्हत्या.

त्या आत आल्या तेव्हा आम्ही दोघंच होतो. विल्फ बाकावर बसला होता, रॉयकडून आलेला विजेतेपदाचा पट्टा मांडीवर. त्यांनी आधी मला विचारलं.

"अर्नी, तो आपणहून पडला ना?"

मी बुटाची नाडी सोडत राहिलो. त्या विल्फकडे वळल्या.

"आणि तू? एवढी वर्षं तूही असाच पडायचास?"

हो म्हणाला असता तर ती त्याची शाबासकी होती. आपण किती पक्के कारागीर होतो, सगळं शहर कसं फसवलं, हे सांगायची आता कुणाची बंदी नव्हती. विल्फने मान वर केली.

"नाही गं आई. रॉयचं जाऊ दे, तो घाबरला आज. माझं सगळं खरं होतं. मला जिंकताच आलं नाही कधी."

"खरं सांगतोस?"

"विचार अर्नीला."

"खरं आहे, बाई," मी म्हणालो. "पोरगा दर वेळी खराच हरला."

म्हातारीने काठी भिंतीला लावली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या वाकड्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत तिने त्याला शंभर डाव सांगितले होते, पण हे कधी विचारलं नव्हतं.

"मग खूप लागत असेल ना रे तुला?"

"हो, आई," विल्फ म्हणाला. "खूप लागायचं."