बोटांमधली जागा

बाळाला अंघोळ घालताना मी रोज त्याची उजवी मूठ उघडते. मधली दोन बोटं एकाच कातड्यात आहेत. उन्हात धरली की मधलं कातडं लाल लाल दिसतं.

सासूबाई म्हणतात, "ग्रहणात सुई धरलीस ना? बघ, पोराची बोटं शिवलीस." धरली होती खरी. सातव्या महिन्यात, ह्यांच्या शर्टाचं बटण लावलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना हे रडत रडत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का गं? बोटं तिसऱ्या महिन्यातच सुटी होतात. आधी हात वल्ह्यासारखा सपाट असतो, मग मधल्या पेशी मरतात. कुठल्या मरायच्या ते जनुकांत ठरलेलं असतं. याच्या मेल्या नाहीत, एवढंच. ऑपरेशन करू."

सुईचा दोष गेला, पण भीती वाढली. मी आठवीपर्यंतच शिकलेली, मला हे कुठलं ठाऊक? तिसऱ्या महिन्यात तर मला दिवस गेलेत हेसुद्धा नीट कळलं नव्हतं. मी अंगणात शेंगा फोडत हसत होते, आणि माझ्याच आत कुणीतरी गुपचूप मरत होतं, बाळाला बोटं यावीत म्हणून. ना कुणी रडलं, ना सुतक पाळलं.

आता मी माझाच हात उन्हात धरून बोटं फाकवते. मधून ऊन येतं. इथंही कुणीतरी होतं.

बाळाच्या मुठीत ते कुणीतरी अजून आहे. मी बोट पुढे केलं की बाळ धरतं, आणि त्याच्याबरोबर तेही धरतं, उबदार.