यादीतलं पहिलं नाव

सुनेने जुन्या मोबाइलमधले सगळे नंबर नव्या मोबाइलमध्ये घेऊन दिले. म्हणाली, "आई, एकही सुटला नाही, बघा." मी यादी उघडली. सगळ्यात वर 'अहो'.

यांना जाऊन तीन वर्षं झाली. यांचं नाव मी तोंडाने घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी जन्मभर अहो. पहिला मोबाइल हातात आला तेव्हाही नाव लिहवेना. आज वाटतं, लिहायला हवं होतं. नाव माणसामागे राहतं, दारावरच्या पाटीवर, विजेच्या बिलावर. अहो ही नुसती हाक. तिला कुणी ओ दिली नाही तर मागे काहीच राहत नाही.

नंबर बंद असणार हे ठाऊक होतं, तरी मी दाबलाच. रिंग वाजली आणि कुणा परक्या माणसाने फोन उचलला. तो नंबर आता त्याला मिळाला होता. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "अहो..."

"अहो बाई, कोण पाहिजे तुम्हाला?"

मी यांचं नाव सांगितलं. उखाण्याशिवाय, पहिल्यांदाच.

"या नावाचं इथे कुणी नाही," तो म्हणाला.